वहीच्या कागदाएवढी फट

मुलांनो, तुमच्या घरी मोटरसायकल असेल, तर थंडीच्या दिवसांत ती सकाळी सुरू होताना तुम्ही कधी कान देऊन ऐकलंय का? ऐकलं नसेल, तर उद्या जरूर ऐका. मी मात्र तो आवाज नीट ऐकला नाही, आणि त्याची किंमत माझ्याबरोबर माझ्या एका विद्यार्थ्यालाही मोजावी लागली. त्याचीच ही गोष्ट.

आमचं नाकाडोंगरी भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ आहे. जानेवारीत इथे धानाची कापणी संपलेली असते, बांध्या रिकाम्या पडलेल्या असतात आणि त्यांच्यावर सकाळी धुकं बसलेलं असतं. दारोदारी तणसाच्या शेकोट्या पेटतात. न्हाणीघरातलं खोबरेल तेल गोठून पांढरं दगड होतं. अशा गारठ्यात मी माझ्या जुन्या मोटरसायकलला किक मारली की ती लगेच बोलू लागायची, टक-टक-टक-टक! दोन-तीन मिनिटं हा आवाज चालायचा आणि मग हळूहळू कमी व्हायचा.

शाळेच्या रस्त्यावर शेकोटीभोवती बसलेली मुलं लांबूनच ओळखायची. पाचवीतला एक मुलगा तर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, तुमची गाडी खोकलते जी!"

सगळी मुलं हसली. मीही हसलो, पण मनातून ओशाळलो.

हा मुलगा होताच तसा. वर्गात त्याचा हात कायम वर. "पण का, सर?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. एक प्रश्न सोडवला की त्याच्या पोटातून दुसरा निघायचा. त्याला लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

त्याच आठवड्यात मी मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, "गाडी थंडीत फार वाजते हो. काहीतरी करा."

मिस्त्रींनी इंजिनवर हात ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, आता गरम हाये. आता का सांगू? उद्या सकाळी थंडी असतानी आना."

दुसऱ्या दिवशी मी गाडी ढकलत नेली. मिस्त्रींनी ती स्वतः सुरू केली. मग एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनच्या डोक्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. अगदी डॉक्टर नळी लावतात तसं! पॅरिसचे डॉक्टर लेनेक यांनी १८१६ साली एका रुग्णाच्या छातीवर कागदाची सुरळी टेकवून ठोके ऐकले आणि त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप आला. मिस्त्रींचा पेचकस म्हणजे त्याच जातीचं हत्यार. आवाज हवेपेक्षा लोखंडातून चांगला येतो, आणि टोक जिथे टेकवलं तिथलाच तो मोठ्यानं ऐकू येतो. (मुलांनो, हा प्रयोग तुम्ही मात्र करू नका. चालू इंजिनपासून हात लांबच बरा.)

"टॅपेट वाजून रायले," मिस्त्री म्हणाले. "काई नाही होत जी. थंडीचा आवाज हाये."

मला काही समजलं नाही. तेव्हा त्यांनी उघडलेलं एक जुनं इंजिन पुढे ओढलं आणि दाखवू लागले.

इंजिनच्या डोक्यात दोन झडपा असतात. मिस्त्री लोक त्यांना 'वाल' म्हणतात, पुस्तकात 'व्हॉल्व्ह' लिहितात. एका झडपेतून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसरीतून जळलेला धूर बाहेर जातो. आता या झडपा उघडतं कोण? आत कॅम नावाचा अंड्याच्या आकाराचा एक तुकडा फिरत असतो. त्याचं निमुळतं टोक वर आलं की तो रॉकर नावाच्या एका दांडीचं टोक उचलतो. बागेतल्या सी-सॉसारखंच! दांडीचं एक टोक वर गेलं की दुसरं खाली जातं आणि झडपेच्या देठाला दाबतं. झडप उघडते. कॅम पुढे गेला की स्प्रिंग तिला खटकन बंद करते.

हे किती वेळा होतं, हिशेब करून पाहा. गाडी उभ्या उभ्या चालू असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना झडप एकदा उघडते. म्हणजे मिनिटाला ७०० वेळा, सेकंदाला जवळजवळ १२ वेळा!

माझ्या वडिलांकडे पूर्वी बजाजची जुनी स्कूटर होती. तिचा आवाज वेगळाच होता, पण असं टक-टक तिनं कधी केलं नाही. याचं कारण मला त्या दिवशी कळलं. ती होती दोन-स्ट्रोक. तिच्या इंजिनात अशा झडपा नव्हत्याच. नळकांड्याच्या भिंतीलाच भोकं होती आणि वर-खाली होणारा दट्ट्याच ती झाकायचा आणि उघडायचा. झडप नाही, मग टॅपेट कुठून वाजणार?

"पण मग हे वाजतं का?" मी विचारलं.

मिस्त्रींनी रॉकरचं टोक बोटांनी हलवून दाखवलं. ते झडपेच्या देठापासून किंचित सुटं होतं. इतकं किंचित, की डोळ्यांना दिसेना, पण बोटांना कळत होतं.

"हे फट दिसते का? हे मुद्दाम ठेवते."

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ही फट ०.०८ मिलिमीटर लिहिलेली आहे. (प्रत्येक गाडीचं माप वेगळं असतं बरं का!) ०.०८ मिलिमीटर म्हणजे किती? २०० पानांची वही घ्या. तिच्यात कागद १००. पुठ्ठे सोडून सगळे कागद घट्ट दाबून पट्टीनं जाडी मोजा आणि तिला १०० नं भागा. साधारण तेवढंच उत्तर येईल. म्हणजे ही फट वहीच्या एका कागदाएवढी! ती ओलांडून रॉकर देठावर टेकतो, तेव्हा होते ती 'टक'.

मग थंडीतच ती मोठ्यानं का ऐकू येते? मिस्त्रींनी दोन कारणं सांगितली.

पहिलं कारण तेल. रात्रभर गाडी उभी राहते तेव्हा वरच्या भागातलं बरंचसं इंजिन ऑईल ओघळून तळाशी जमतं. सकाळी किक मारली की ते पुन्हा वर चढायला थोडा वेळ लागतो. त्यात थंडीनं ते घट्ट झालेलं. खोबरेल तेलासारखं ते गोठत नाही, पण काकवीसारखं जड होतं. ते पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड जरा मोठ्यानंच टेकतं. ऑईलच्या डब्यावर '२० डब्ल्यू ४०' किंवा '१० डब्ल्यू ३०' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं.

दुसरं कारण म्हणजे ती फटच. धातू तापला की वाढतो, हे तुम्ही विज्ञानात शिकता. इंजिन चालू झालं की झडप तापते आणि तिचा देठ केसभर लांब होतो. मग बऱ्याच इंजिनांत फट कमी होते आणि आवाजही मंदावतो. म्हणजे थंडीतली ही फट वाया गेलेली जागा नसते. झडप तापून वाढेल तेव्हा तिला मावायला ती राखून ठेवलेली असते.

"म्हून सांगतो गुरुजी," मिस्त्री म्हणाले, "आवाज येते तं येऊ द्या. वाजनारा टॅपेट बरा. गप बसला का मंग भ्याचं."

त्यांनी ऑईल पाहिलं, थोडं कमी होतं ते भरलं आणि मला परत पाठवलं.

मुलांनो, इतकं सगळं समजावून सांगितल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? गप्प घरी यावं. पण मला मुलांचं ते हसू आठवत होतं. एका रविवारी मी स्वतःच पाना आणि पेचकस घेऊन बसलो. वरची झाकणं काढली आणि मधला स्क्रू पिळत गेलो. फट पूर्ण नाहीशी झाली तेव्हा थांबलो. नट आवळला, किक मारली, आणि काय आश्चर्य! टक-टक गायब. इंजिन एकदम चूप. मी खूश झालो. मिस्त्रींना जे जमलं नाही ते गुरुजींनी करून दाखवलं!

सोमवारी शाळेच्या रस्त्यावर कुणीच हसलं नाही. तो मुलगा मात्र कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "सर, आज आवाज का नाही जी?"

"दुरुस्त केली," मी ऐटीत म्हणालो.

"पण मिस्त्री तं म्हणत होते ना..."

"चल, प्रार्थना सुरू होईल," म्हणून मी त्याला गप्प केलं.

त्या दिवसांत मी त्याला वर्गातही गप्प करत होतो. खरं सांगायला हवं. जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा जवळ आली होती. आमच्या शाळेतली काही मुलं बसणार होती आणि माझा अंकगणिताचा भाग मागे राहिला होता. अपूर्णांक चालू होते. मी फळ्यावर भराभर लिहायचो आणि हा मध्येच विचारायचा, "पण सर, भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?" एक दिवस मी चिडून म्हणालो, "प्रश्न पुरे झाले. सांगतो तसं कर आणि पुढे चल."

त्यानंतर त्याचा हात वर येईनासा झाला. वर्ग कसा शांत झाला! पाठ वेळेत संपू लागले. मला वाटलं, बरं झालं. आता याला समजू लागलं.

इकडे गाडीची कुरकुर वेगळ्या रीतीनं सुरू झाली होती. चढावर ती दमायची. पेट्रोल जास्त प्यायची. सायलेन्सरमधून मधूनच 'फट' असा आवाज यायचा. पण टक-टक नव्हती ना, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. पेपर साडेअकराला, केंद्र तुमसरला. बाकीची मुलं आपापल्या पालकांबरोबर जाणार होती. त्या मुलाचे वडील खाणीत पहिल्या पाळीला आणि आई मजुरीला. म्हणून त्याला मी नेणार होतो. आठ वाजता तो तयार होऊन अंगणात उभा. डोक्याला मफलर, हातात पॅड, खिशात दोन पेनं.

मी किक मारली. काहीच नाही. पुन्हा मारली. पुन्हा नाही. चोक ओढला, प्लग पुसला, गाडी उतारावरून ढकलली. छे! आणि एक गोष्ट लक्षात आली. एरवी किक पायाला दाब द्यायची. आज ती हातानं दाबली तरी अलगद खाली जात होती. इंजिनात दमच उरला नव्हता.

मुलांनो, ही परीक्षा पाचवीत असताना आणि एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, असं नाही म्हणता येत. थंडीतही मला घाम फुटला. आम्ही दोघं रस्त्याकडे धावलो. समोरून येणारी बस तुमसरची नव्हती. शेवटी एक काळीपिवळी मिळाली. तीही भरल्याशिवाय हलेना. मी घड्याळ पाहत होतो आणि तो मुलगा माझ्याकडे पाहत होता. अखेर एकदाची ती निघाली.

वाटेत मी म्हटलं, "घाबरू नकोस, वेळेत पोचू. अपूर्णांक आठवतात ना?"

तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, ते मले समजलेच नाही जी. तुमी म्हनलं प्रश्न पुरे, म्हून मंग इचारलंच नाही."

त्या गर्दीत मी काय बोलणार? त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

आम्ही वेळेत पोचलो, एवढंच त्यातल्या त्यात बरं. पेपर त्याने दिला. पण निवडीच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. त्या काही प्रश्नांमुळेच ते हुकलं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. जागा थोड्या आणि मुलं पुष्कळ असतात. पण त्याच्या पाटीवर राहिलेली ती रिकामी जागा माझ्यामुळे राहिली होती, हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेली. तो मुलगाही मागून धक्का द्यायला आला. मिस्त्रींनी इंजिनचं डोकं उघडलं आणि धुराची झडप काढून माझ्या हातावर ठेवली. तिची कडा एका बाजूने जळून खरखरीत झाली होती.

"स्क्रू कोनं पिळला?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली.

मग त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. धुराची झडप चालू इंजिनात सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ती गार होते ती मुख्यतः बंद असताना. आपल्या बैठकीवर घट्ट टेकली की तिची उष्णता बैठकीतून निघून जाते. मी फट मिटवली. झडप तापून लांब झाली, पण तिला मावायला जागाच उरली नव्हती. ती पूर्ण बंद होईना. तिची उष्णता जाईना, आणि तिच्या कडेनं आगीसारखा धूर सटकू लागला. अशी ती गुपचूप जळत राहिली. बाहेर आवाज मात्र काही नाही!

"पण का, सर?" तो मुलगा पुटपुटला आणि एकदम थांबला. माझ्याकडे पाहू लागला.

"विचार, विचार," मी म्हणालो. "मोठ्यानं विचार."

"इतकी गरम होते, तं वितळत का नाही जी?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावाशेजारीच निघालं! धुराच्या झडपांसाठी साधं लोखंड चालत नाही. उष्णता सोसणारं खास पोलाद लागतं. त्यातल्या एका नेहमी वापरल्या जाणाऱ्या पोलादात सुमारे २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल आणि ९ टक्के मँगनीज असतं. आणि मँगनीज तर आमच्या परिसराची ओळखच! जवळच डोंगरी बुजुर्गला 'मॉईल'ची मोठी उघडी खाण आहे. त्या मुलाचे वडील खाणीतच जातात. त्याने ती जळकी झडप हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मी हे घरी नेऊ का जी?" मिस्त्रींनी ती त्याला देऊन टाकली.

नवी झडप बसली. मिस्त्रींनी फिलर गेजची पातळ पट्टी घालून फट मोजली. इंजिन रात्रभर गार झालेलं असतानाच हे माप घ्यायचं असतं. पट्टी जराशी अडकत सरकली पाहिजे, सैल नको आणि घट्टही नको. मग किक मारली. टक-टक-टक-टक! इतका गोड आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

आता तुमच्या घरच्या गाडीसाठी चार गोष्टी सांगतो. आई-बाबांनाही वाचून दाखवा. सकाळचा आवाज एक-दोन मिनिटांत विरत असेल, तर बहुधा घाबरण्यासारखं काही नसतं. ऑईलची पातळी तेवढी पाहावी, आणि ते वेळेवर बदलावं. गाडी तापल्यावरही आवाज तसाच राहत असेल किंवा दर आठवड्याला वाढत असेल, तर फट वाढलेली असू शकते. कॅम किंवा रॉकर झिजलेला असू शकतो, किंवा आतली साखळी सैल झालेली असू शकते. कधी सायलेन्सरच्या जोडातून धूर निसटतो, त्याचीही टिकटिक अशीच वाटते, आणि धातू तापून जोड आवळला की ती थांबते. पुष्कळ मोटारींत ही फट तेलाच्या दाबानं आपोआप भरली जाते. रात्रीतून तिथलं तेल उतरलं, की त्याही सकाळी थोडा वेळ टिकटिकतात. यातलं नेमकं कारण कोणतं, हे जाणकार मिस्त्रीच सांगू शकतो. आणि त्यानं सांगितलं की ऐकायचं! माझ्यासारखं पाना घेऊन बसायचं नाही.

शाळेतही एक बदल केला आहे. प्रत्येक गणिताच्या तासाला शेवटची दहा मिनिटं मी मोकळी ठेवतो. त्यात शिकवायचं काहीच नाही, फक्त मुलांचे प्रश्न. त्यामुळे पाठ थोडा मागे राहतो, वर्गात गोंगाटही होतो. पण आता वर्ग फारच शांत झाला की मला भीती वाटते. मी फळा सोडून बाकांमध्ये जातो आणि गप्प बसलेल्या मुलाशेजारी टेकतो.

त्या मुलाला अपूर्णांकांचा भागाकार मी पुन्हा शिकवला. अर्धी भाकरी घेतली आणि विचारलं, "हिच्यात पाव भाकरीचे तुकडे किती बसतात?" त्याने मोडून पाहिलं. दोन! मग अपूर्णांक उलटा करून गुणलं. उत्तर दोनच! त्याचे डोळे असे चमकले की काय सांगू! एवढ्याला पाचच मिनिटं लागली. तीच पाच मिनिटं मी वाचवायला गेलो होतो.

तो आता सहावीत आहे. ती जळकी झडप त्याच्या दप्तरात असते, येईल त्याला दाखवतो. परवा सकाळी पुन्हा धुकं पडलं होतं. शेकोटीजवळून मी जात होतो, तर हाक आली, "सर, गाडीचा आवाज येऊन रायला जी!"

"येऊ दे," मी म्हणालो, आणि गाडी थांबवून हात शेकायला त्यांच्यात जाऊन बसलो.